कापतेय ना, मग राहिलं काय?

भाचीला सुरीला धार लावायला शिकायचं होतं. व्हिडिओ बघून बघून तिचे हात शिवशिवत होते आणि दगड माझ्याकडे होता. ओट्यावर ओलं फडकं पसरून, त्यावर दगड ठेवून, तिनं अगदी मन लावून काम केलं. मधेच मनगट झटकलं, मधेच मान मोडली, एकदा हात थांबवून विचारलं, "मावशी, हा आवाज बरोबर येतोय का गं?" (हे विचारणारी मुलगी शिकणार, हे मला तेव्हाच कळलं.) शेवटी सुरी धुऊन-पुसून तिनं जुन्या मासिकाचं एक पान हवेत धरलं आणि वरून खाली चिरलं. सर्रकन दोन पट्ट्या. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी सुरी घेतली, कापसाचा बोळा पात्याच्या अंगावरून पाठीकडून धारेकडे अलगद ओढला. मुठीकडच्या टाचेजवळ आणि टोकाच्या अलीकडे कापसाचे तंतू अडकून राहिले. "थोडं राहिलंय अजून," मी म्हटलं. ती म्हणाली, "अगं, पण कापतेय ना! मग राहिलं काय?"

"बर राहिलीये," असं मी तोंडातल्या तोंडात म्हटलं. तिला ते कळलं नाही आणि मला पटकन समजावता आलं नाही. तेवढ्यात तिला न्यायला कुणीतरी आलं आणि ती गेली. सुरी ओट्यावर तशीच राहिली आणि तो प्रश्नही. कारण तिच्या बाजूनं पाहिलं तर तिचं बरोबरच होतं. सुरीचं काम कापणं, सुरीनं कापलं. आता डोळ्यांना न दिसणारं काहीतरी उरलंय म्हणून काम अपुरं ठरवायचं, हा शुद्ध खडूसपणा वाटू शकतो. शिकवणाऱ्यांना असल्या खडूसपणात थोडं सुखही असतं, हे मी नाकारणार नाही. पण इथं प्रश्न तेवढाच नव्हता.

बर हा शब्द मला बाबांकडून मिळाला. ते कारखान्यात फिटर होते. सुट्टीच्या दिवशी घरी काही ना काही खटपट चालायची आणि मी शेजारी उकिडवी बसून बघायची. पट्टीला भोक पाडलं की ड्रिल जिथून बाहेर पडतो त्या बाजूला धातूची एक वाकडीतिकडी, चमकणारी कोर उभी राहायची. वरची बाजू स्वच्छ, गोल, आणि खालच्या बाजूला हे दातेरी कुंपण. त्यावरून नुसतं बोट गेलं तरी रक्त यायचं. बाबा मोठ्या व्यासाचं ड्रिल हातात घेऊन त्या भोकात दोन-तीनदा नुसतं फिरवायचे. मशीनवर नाही, बोटांच्या चिमटीत धरून. ती कोर पिळवटून खाली पडायची, मग ते करंगळीचं नख कडेवरून फिरवायचे. नख अडखळलं नाही की पट्टी बाजूला. कारखान्यातल्या ड्रॉइंगवर कोपऱ्यात बारीक अक्षरात सूचना छापलेली असते, सगळ्या बर काढाव्यात. ती वाचावी लागत नाही इतकी ती अंगवळणी पडलेली असते. सुरीच्या धारेवर येते ती हीच बर, फक्त इतकी बारीक की डोळ्यांना सहसा दिसत नाही आणि बोटाला कशीबशी लागते.

होतं ते असं. पात्याच्या दोन्ही बाजूंचे उतार खाली येऊन जिथं एकमेकांना भेटतात ती रेघ म्हणजे धार. आपण एका बाजूनं दगडावर घासत जातो, दगडाचे कण पोलाद खरवडत जातात, आणि उतार खाली खाली सरकत त्या रेघेपाशी पोचतो. तिथं पोलाद इतकं पातळ झालेलं असतं की कणांचा रेटा त्याला सोसवत नाही. ते खरवडलं जाण्याऐवजी वाकतं आणि पलीकडच्या बाजूला कलंडून बसतं. आपण डावी बाजू घासतोय तर बर उजवीकडे. अंगठ्याचं पेर पात्याच्या पाठीकडून धारेच्या दिशेनं, आडवं, बाहेर ओढायचं. धारेच्या लांबीवरून बोट फिरवायचं नाही, कधीच नाही. बर असेल तर पेराला काहीतरी हलकं ओरखडल्यासारखं लागतं. आणि दुसऱ्या बाजूनं तेच करून पाहिलं तर काहीच नाही, गुळगुळीत. हा फरक कळला की अर्धी विद्या आली. बाकीची अर्धी, ती कळल्यावर काय करायचं याची.

पहिल्या अर्ध्या भागाबद्दल आधी बोलते, कारण बहुतेक सुऱ्या तिथंच अडलेल्या असतात. बोथट राहणाऱ्या सुऱ्यांचं सर्वांत सामान्य दुखणं हे की घासणारा माणूस धारेपर्यंत पोचलेलाच नसतो. पातं जरा जास्तच आडवं धरलेलं असतं, दगड उताराच्या वरच्या खांद्यावर घासत असतो, राखाडी पाणी भरपूर निघतं, हात दुखतात, समाधान मिळतं आणि खाली धार होती तशीच गोल. मी शिकताना मार्करनं उतार काळा करायची. दोन-चार हात घासून पाहायचं, काळं कुठून गेलं. वरून गेलं आणि कडेला काळी रेघ उरली, तर पाठ थोडी उचलायची. कोन म्हणजे तरी काय, पाठीची दगडापासूनची उंची. पातं ४० मिमी रुंद असेल तर १५ अंशांसाठी पाठ १० मिमीहून जराशी वर, २० अंशांसाठी पावणेचौदा मिमी. म्हणजे एका अंशाचा फरक पाऊण मिमीसुद्धा नाही. हे गणित ऐकून काही जण घाबरतात, काही जण कोनमापक विकत घेतात. माझं मत असं की नेमका अंश गाठण्यापेक्षा धरलेला अंश सुटू न देणं महत्त्वाचं, आणि ते मनगटानं होत नाही. मनगट कुलूप लावल्यासारखं बंद करायचं आणि हालचाल खांद्यातून करायची. दुसऱ्या हाताची बोटं पात्यावर, धारेच्या अगदी मागं, जिथं घासलं जातंय बरोबर तिथं.

आणि मग कधीतरी बर येते. येते तेव्हा आवाजही बदलतो, हे भाचीनं पकडलं होतं. सुरुवातीची खरखर हळूहळू मऊ, सलग होत जाते. टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे अंगठ्याला ती लागली, म्हणजे या बाजूचा उतार धारेला पोचला. याहून खात्रीचा दुसरा पुरावा हातानं धार लावणाऱ्याकडे नाही. मग बाजू बदलायची आणि पलीकडूनही तेच. टोकाजवळ बर यायला नेहमी उशीर होतो, कारण तिथं पातं वर वळतं आणि हाताला कोपर उचलायचं भान राहत नाही.

गंमत, किंवा वैताग, इथून पुढे आहे. ही जी बर आपण इतक्या मेहनतीनं आणली, जिची वाट बघितली, जी लागली तेव्हा हायसं वाटलं, ती धार नव्हे. दगडावर शेवटचे हात मारताना ती कुठल्यातरी क्षणी सरळ उभी राहते आणि धारेच्या पुढं निघालेलं एक अतिपातळ पातं बनते. इतकं पातळ की कागद त्याच्यापुढं काहीच नाही. कागद चिरतो, हातावरची लवसुद्धा निघते. आणि मग ती सुरी भाजी चिरायच्या पाटावर टेकते. एकदा, दोनदा, दहादा. ते पातळ पोलाद आधीच इकडून तिकडे वाकून वाकून थकलेलं असतं. ते कुठं दुमडतं, कुठं तुटतं, आणि तुटतं तिथं खाली खडबडीत, बोथट कड उघडी पडते. दोन दिवसांनी टोमॅटोच्या सालीवरून सुरी घसरते. मग लोक म्हणतात, धार लावली की दोन दिवस बरं असतं, पुढं होतं तसंच. कुणी पोलादाला नावं ठेवतं, कुणी दगडाला. काही जण तर धार लावल्यानं सुरी खराब होते अशा निष्कर्षाला पोचतात आणि पुन्हा कधी दगडाला हात लावत नाहीत.

त्या मुलीनं कागद चिरला तो धारेनं नव्हे, बरनं.

अमेरिकेतल्या आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीतले धातुशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन व्हेरहोवन यांनी २००४ साली सुऱ्यांच्या धारांचा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून अहवाल लिहिला. त्यातली छायाचित्रं मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा जरा हादरलेच. एरवी आरशासारख्या दिसणाऱ्या धारा तिथं नांगरलेल्या शेताच्या बांधासारख्या दिसतात, आणि बांधाच्या माथ्यावर बरचा ओबडधोबड पापुद्रा कलंडलेला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉन जाड धरला, तर चांगल्या धारेची कड एका मायक्रॉनच्याही आत असते. जपानी प्रमाणातल्या १००० ग्रिटच्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगडाचा कण बारीक) दगडातला कण मात्र दहा-पंधरा मायक्रॉनचा. म्हणजे ज्यानं ती कड घडवायची तो कण कडेच्या कितीतरी पट जाड. मग कडेवर असलं काही उरतं यात नवल नाही. नवल याचं की हातानं, ओट्यावर उभं राहून, हे काम जमतंच कसं.

मला कधी कधी वाटतं, हा सगळा त्रास आपण धातू पत्करल्यामुळे मागं लागला. आल्प्समधल्या बर्फात १९९१ साली सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस सापडला. ओत्झी म्हणतात त्याला. त्याच्याजवळ गारगोटीची अवजारं होती आणि त्यांना धार काढायला पेन्सिलीसारखं एक साधन, लिंडनच्या लाकडात खुपसलेला हरणाच्या शिंगाचा खिळा. त्याच्या अवजारांचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की मरणाच्या थोडंच आधी त्यानं त्यांतल्या काहींना नव्यानं धार काढली होती. शिंगाचं टोक कडेवर दाबायचं, गारगोटीचा कपचा उडतो, खाली नवी कड. गारगोटी वाकत नाही, फुटते. तिला बर येत नाही. त्याच माणसाजवळ तांब्याची कुऱ्हाडही होती, म्हणजे दुसऱ्या जगात त्याचा एक पाय पडलेला होता. वाकणारा पदार्थ हातात आला आणि त्याच्याबरोबर हे दुमडणंही आलं. पण पोलाद वाकतं म्हणूनच सुरी ओट्यावरून पडली तर तिचे तुकडे होत नाहीत. ज्या गुणासाठी आपण पोलाद निवडतो त्याच गुणापायी बर येते. तिच्यावर मनापासून रागावता येत नाही ते यामुळे.

सगळी पोलादं सारखी वागत नाहीत. घरोघरच्या बऱ्याच सुऱ्या ज्या जर्मन धर्तीच्या स्टेनलेसच्या असतात त्यात अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं. कठीणपणाच्या रॉकवेल मापावर ते ५६च्या आगेमागे. हे पोलाद सोशिक. आदळा, आपटा, धुवायला विसरा, ते तक्रार करत नाही. पण त्याची बर म्हणजे चिकट पाहुणा. या बाजूनं काढायला जावं तर त्या बाजूला जाऊन बसते, तिकडून हाकलावं तर परत इकडे. मी एकदा नुसतं बघायचं म्हणून भिंगाखाली धरून, हलक्या हातानं एका बाजूला एकच ओढ, दुसऱ्या बाजूला एकच, असं करत बसले होते. दिव्याच्या उजेडात धारेवर केसाएवढी एक उजळ रेघ दिसायची. ओढ दिली की ती गायब. सुरी उलटी केली की तिथं हजर. तिचा एक तुकडा, बहुधा पात्याच्या मधोमध, शेवटी निखळून दगडावरच्या राखाडी पाण्यात तरंगला. सुईच्या टोकानं उचलला तर तो सरळ तार नव्हता, कुरळा होता. तेवढ्या तुकड्यापुरती धार स्वच्छ झाली, बाजूला मात्र बर तशीच होती.

उलट जपानी आओगामी किंवा शिरोगामी, म्हणजे कारखान्यात ज्या निळ्या-पांढऱ्या कागदात गुंडाळतात त्यावरून नाव पडलेली पोलादं. कार्बन एक टक्क्याच्या वर, मापावर ६० आणि पुढं. ही गंजतात, कडांचे टवके उडतात, जपून वागवावी लागतात, पण यांची बर लहान येते आणि चटकन सुटते. या सुऱ्यांवर शिकलेल्या माणसाला वाटतं आपल्याला धार लावता येते. मग तो मऊ स्टेनलेस हातात घेतो आणि गर्व उतरतो. स्टेनलेसचा हा लौकिक जुनाच आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीनं १९१३ साली न गंजणारं पोलाद ओतलं आणि सुऱ्यांसाठी ते सुचवलं तेव्हा तिथल्या कारागिरांनी, न कापणाऱ्या सुऱ्यांचा जनक म्हणून त्याची चेष्टा केली होती. पोलाद पुढं सुधारलं, कारागीरही ते हाताळायला शिकले. पण त्या चेष्टेत तथ्य अजिबात नव्हतं असं मऊ स्टेनलेसवर धार लावणारं कुणी म्हणणार नाही.

आता काढण्याबद्दल. इथं प्रत्येकाची एक पोथी असते, आणि ज्याची त्याची पोथी त्याला प्रिय. माझ्या अनुभवात सगळ्यांत मोठा भाग दाबाचा आहे. धार गाठेपर्यंत दाब चालतो, किलोभर, दीड किलो. दगड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून घासलं तर आपण किती रेटतोय ते दिसतं आणि तो आकडा बघून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. पण बर आली की दाब उतरवत न्यायचा. अर्धा, मग त्याचा अर्धा, शेवटी सुरीचं स्वतःचं वजन तेवढं. बाजूही भराभर बदलायच्या, अखेरीस एक इकडे, एक तिकडे. दाब तसाच ठेवून दगड मात्र बारीक बारीक घेत जायचं, ही घाईतली युक्ती मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. त्यातून फक्त चकचकीत बर मिळते. दिशेचंही तसंच. धार मागं ठेवून ओढलं, म्हणजे पातं दगडावरून पाठीच्या दिशेनं नेलं, तर बर लांबत जाते. धार पुढं ठेवून, जणू दगडाचा पापुद्रा काढायचाय अशा बेतानं ढकललं, तर ती आखूड होते. शेवटचे हात म्हणून मी नेहमी ढकलण्याचेच मारते. मऊ दगड असेल तर धार त्यात रुतण्याची भीती असते, तिथं दगडाचं ऐकावं लागतं.

एवढ्यानं गेली नाही तर कोन वाढवायचा. पाठ आणखी उचलून, पाच-सात अंश वर, प्रत्येक बाजूला दोन अगदी अलगद हात. बर ज्या सांध्यावर उभी आहे तो सांधाच त्यानं कापला जातो आणि धारेच्या टोकाला एक अतिसूक्ष्म दुसरा उतार तयार होतो. शुद्धतावाद्यांना हे आवडत नाही, त्यांना वाटतं आपण धारेचं मातेरं केलं. मला मात्र मऊ पोलादावर याच्याइतकं प्रामाणिक औषध दुसरं सापडलेलं नाही. लाकडाच्या कडेत किंवा बुचात धार रुतवून ओढणारेही पुष्कळ आहेत. त्यानं बर निघते खरी, पण ओरबाडून निघते. उरलेली कड कशी असेल ते नशिबावर. बर आधीच सुटायला आली असेल तर बूच ठीक, नाहीतर नको. सुरी जिच्यावर फिरवतात त्या लोखंडी सळीबद्दल गैरसमज आहे की ती धार लावते. ती मुख्यतः कलंडलेली कड उभी करते. कालपर्यंत चांगली असलेली सुरी आज अडखळली तर सळी उपयोगी. नुकत्याच घासलेल्या सुरीवरची बर तिनं उभी करून ठेवली, तर मात्र आपण जिला घालवायचं तिलाच पाट मांडून दिला.

आणि कातडी पट्टा. न्हाव्याच्या हातातला तो फटफट आवाज आपल्या मनात इतका बसलाय की कातड्यावर ओढलं की धार येते, हा विश्वास कुणी तपासत नाही. वर सांगितलेल्या अहवालात व्हेरहोवन यांना दिसलं ते असं की नुसत्या कोऱ्या कातड्यानं बर फारशी हटत नाही. क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट चोपडलेल्या कातड्यानं मात्र ती झिजते. त्या पेस्टमधला कण अर्ध्या मायक्रॉनच्या घरातला असतो. मी जुन्या पट्ट्याचा तुकडा लाकडी पट्टीला चिकटवून त्यावर ही पेस्ट लावलेली आहे. वापरताना एकच पथ्य, पातं शेवटी उचलताना मनगट वर वळू द्यायचं नाही. कातडं दबतं आणि धारेभोवती वळतं, तिथं जास्त उत्साह दाखवला तर केलेली धार गोल होते. जोरजोरात पट्टा मारणाऱ्यांच्या सुऱ्या चकाकतात छान.

या सगळ्यात बरला मी खलनायिका करून टाकलं, ते तितकंसं न्याय्य नाही. सुतारकामात खरवडपट्टी नावाचं अगदी साधं हत्यार असतं. पोलादाचा एक आयताकृती पत्रा, बस. त्याची कड सरळ, चौकोनी घासून मग कठीण, गुळगुळीत सळीनं दाबून तिथं मुद्दाम बर वळवतात. लाकडावरून केसापेक्षा पातळ ढलपी निघते ती त्या बरमुळे. बर गेली की हत्यार मेलं, पुन्हा वळवा. आणि चित्रकलेत ड्रायपॉइंट. तांब्याच्या पत्र्यावर टोकदार सुईनं ओरखडत रेघ काढायची. रेघेच्या काठाला तांबं उसवून उभं राहतं, तीच बर. तिच्यात शाई अडकते आणि कागदावर रेघ मखमली, जराशी पसरलेली उमटते. ज्यांना रेघ कोरीव, स्वच्छ हवी असते ते ही कोर खरवडून टाकतात. डच चित्रकार रेम्ब्रांटनं ती ठेवली. छापखान्याच्या दाबाखाली ती लवकर चेपली जाते, म्हणून ड्रायपॉइंटचे पहिले ठसे मौल्यवान आणि नंतरचे फिकट. बाबांना हे ठाऊक असतं तर ते काय म्हणाले असते कोण जाणे. बहुधा नख फिरवून पाहिलं असतं.

बर पूर्ण गेली हे कशावरून ठरवायचं, हा प्रश्न मी जितका जास्त घासते तितका अवघड होत चाललाय. कापसाचा बोळा मोठी बर दाखवतो, लहान सोडून देतो. नखावर धार टेकवून हलकेच सरकवली तर अडखळ कळते. दिव्याखाली धार सरळ डोळ्यांसमोर धरून पाहिली तर बोथट जागा चमकतात, खरी धार दिसतच नाही, कारण उजेड परतवायला तिथं पृष्ठभागच नसतो. पातळ कागदाची परीक्षा मी अजूनही घेते, पण नुसता कापला का हे पाहत नाही, ऐकते. टाचेपासून टोकापर्यंत एकच सूर हवा. मधे एखादा 'टिक्' आला की त्या जागी काहीतरी लोंबतंय. आणि सगळ्यांत भरवशाची परीक्षा म्हणजे थोडं वापरून पुन्हा कागद चिरणं. दोन्ही वेळा सारखंच चिरलं तर धार. दुसऱ्यांदा अडखळलं तर पहिल्यांदा कापणारी बर होती. भाचीला त्या दिवशी हेच सांगायला हवं होतं, पण ही परीक्षा वेळ मागते आणि तिला न्यायला माणूस दाराशी उभा होता.

धार टिकण्याबद्दल आपण फार आशा ठेवतो, असंही वाटतं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिलं की दाढीचं पातं केसानं खराब होतं. केस पोलादापेक्षा जवळजवळ पन्नासपट मऊ, तरीही तो ठरावीक कोनात वाकला आणि पोलादाच्या कणांची ठेवण तिथं एकसारखी नसली, तर कडेचा कपचा उडतो. केसानं जर ही गत, तर सुरीच्या पात्यानं पाटावर दिवसभर आपटून घेताना काय काय सोसायचं. शिवाय प्रत्येक वेळी घासताना थोडं पातं जातंच. बर आणली की तेवढं पोलाद गेलं. मोठी आणली की जास्त गेलं. आईच्या सुरीचं पातं शेवटी शेवटी इतकं अरुंद झालं होतं की तिची टाच आणि मूठ यांच्यामधे एक पायरी पडली होती. त्यातलं किती वापरानं गेलं आणि किती उगाच बर काढण्यात, याचा हिशेब आता लागणार नाही. लहान बर आणायला शिकणं म्हणूनच काढायला शिकण्यापेक्षा जास्त मोलाचं वाटायला लागलंय. अंगठ्याला जेमतेम लागली की थांबायचं. आणखी चार हात मारायचा मोह होतो, खात्रीसाठी. ती खात्री पात्यातून वजा होते.

लोक विचारतात, कुठल्या ग्रिटपर्यंत न्यावं. ३०००, ६०००, ८००० चे दगड सुंदर असतात, त्यांच्यावर पातं सायीवरून सरकल्यासारखं जातं, ते सुख मी पुरेपूर घेतलेलं आहे. पण स्वयंपाकघरातल्या मऊ स्टेनलेसला मी हल्ली १००० वर सोडते. त्या दगडाचे ओरखडे धारेवर सूक्ष्म दात ठेवतात आणि टोमॅटोची साल, मिरचीची साल ते दात पकडतात. लाकूड कोरायच्या पटाशीला किंवा दाढीच्या वस्तऱ्याला हे चालणार नाही, तिथं चकाकी हवीच. अट एवढीच की दात म्हणून जे ठेवलं ते पोलादाचे दात असावेत, लोंबती बर नको. १००० वर थांबणाऱ्याला ही सबब फार सोयीची आहे, हे मला माहीत आहे. बर काढायचा कंटाळा आला की तिला दात म्हणायचं.

माझ्याकडे एक अशी सुरी आहे जिच्यावर यातलं काहीच धड चालत नाही. पातं पातळ, पोलाद कुठलं ते लिहिलेलं नाही, बर येते ती पानासारखी रुंद. तिच्यासाठी मी हळूहळू एक वेगळीच रीत काढलीये. घासायचं कमी, बर दिसण्याआधीच बाजू बदलायची, आणि शेवटचे दोन हात चांगले ३० अंशांवर. कागदावर ती फार मिरवत नाही. पण पंधरवडाभर एकसारखी चालते. ज्या सुऱ्या मी हौसेनं ८०००पर्यंत नेल्या, त्यांच्यातल्या एक-दोन एवढ्या चालत नाहीत. त्या मी परत १००० वर आणणार आहे, पण आधी दगड सपाट करायला हवा. मधोमध खड्डा पडलाय आणि त्या खड्ड्यात टोक नेहमीच अर्धवट राहतं.